मल्लू, तो खाडा बापूंचा होता

मल्लू,

तुला जाऊन सतरा दिवस झाले आणि मी तुझ्यावर अजून चिडलेलीच आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरणार. तू समोर असताना धरला, तो तू गेलास म्हणून सोडायचा होय? मंगळवारी दुपारी गुळाच्या दुकानात खुर्चीवर बसल्या बसल्या गेलास. तुझे वडील, अण्णा, सांगत होते, चहाचा कप तेवढा नीट बशीत ठेवलास आणि मग मान टाकलीस. बावीस वर्षांत माझ्या घरी एक कप तू कधी बशीत ठेवला नव्हतास.

तुमच्या चौकात तुझा बॅनर लागलाय. भावपूर्ण श्रद्धांजली. फोटोत तुझ्या गळ्यात गिटार. गिटार तू वर्षातनं चारदा हातात घ्यायचास, तेही फोटोपुरती. तुझा जन्म गेला बेंजोवर, पण मांडीवर बेंजो घेऊन बसलेला माणूस बॅनरवर शोभत नाही असं कुणाला तरी वाटलं असणार. खाली लिहिलंय, 'पाश्चात्त्य संगीत करवीरच्या मातीत रुजवणारा अवलिया.' मी गाडी थांबवून ते वाचत होते, तर शेजारी एक परगावचा माणूस येऊन उभा राहिला. "लई मोठा मानूस हुता व्हय?" म्हणाला. मी म्हटलं, "मोठा हुता का ते म्हाईत न्हाय पावणं, पण खोटा हुता."

आणि तिथनं घरापर्यंत मी रडत गाडी चालवली. हेही सांगून टाकते, नाहीतर म्हणशील सुलीला काही वाटलंच नाही.

आपण तिघं होतो. तू बेंजोवर, तानाजी हलगीवर, मी गळ्यावर. तीन रस्ते मिळतात त्या जागेला आपल्याकडं तिकटी म्हणतात, म्हणून बँडचं नाव 'तिकटी'. ते नाव सुचवलं मी, आणि हे तू प्रत्येक स्टेजवर सांगितलंस, त्याबद्दल तुझे आभार. असलं बारीकसारीक श्रेय द्यायला तुला कधी जड गेलं नाही. जिथं द्यायलाच पाहिजे होतं तिथं मात्र तुझी जीभ वळली नाही, आणि मी आज त्यावरच बोलणार आहे. मध्ये बोलायची तुझी सवय मला माहीत आहे, पण आता तुझा नाइलाज आहे.

ती मुलाखत आठव. पुण्याची पोरं कॅमेरे घेऊन आलेली, दुकानाच्या माडीवर आपल्याला ओळीनं बसवलेलं. आपलं 'बरोबरीत' हे गाणं तेव्हा नुकतंच सगळ्यांच्या मोबाइलवर फिरायला लागलं होतं. नवरा-बायकोचं भांडण आणि ते कुस्तीसारखं बरोबरीत सोडवलेलं, एवढंच ते गाणं, पण लोकांना त्याचा ठेका चढला होता. त्यातल्या एकानं विचारलं, "सर, तुमच्या साउंडवर प्रभाव कुणाकुणाचे?" तू छताच्या पत्र्याकडं बघितलंस आणि सुरू झालास. अमेरिकेतला कुठला तरी म्हातारा गिटारवाला. जमैकातला कुठला तरी ड्रमवाला. आणखी तिघं-चौघं. नावं अशी घेत होतास, जणू ती सगळी माणसं तुझ्या शेजारच्या गाळ्यात गूळ विकत होती. तानाजीच्या ठेक्यात जी मोकळी जागा येते ती म्हणे जमैकाची. तुझे बेंजोवरचे घसरत जाणारे सूर म्हणे अमेरिकेतल्या कापसाच्या शेतातले. आणि माझा आवाज, तर म्हणालास, चर्चमधल्या कॉयरच्या वळणाचा.

मल्लू, मी उभ्या जन्मात चर्चची पायरी चढलेली नाही. माझा आवाज इचलकरंजीतल्या मागाच्या शेडमधला आहे. चाळीस माग धडधडत असताना दारात उभं राहून बापाला 'जेवायला चला' म्हणून हाक मारायची, आणि ती पहिल्या हाकेत ऐकू गेली पाहिजे. सात वर्षांची असल्यापासून रोज. तिथं नुसतं ओरडून भागत नाही, ओरडणं मागाच्या आवाजात कुठल्या कुठं जातं. मागांच्या आवाजाच्या वर एक जागा असते, हाक तिथं न्यायला लागते. हे जगात तुला आणि माझ्या बापालाच माहीत होतं. पहिल्या तालमीत तूच तर विचारलंस, "सुले, ही पट्टी तुला कुणी शिकिवली?" मी सांगितलं तेव्हा तू बेंजो गुंडाळून ठेवलास आणि दुसऱ्याच दिवशी माझ्याबरोबर इचलकरंजीला आलास, शेडच्या दारात तासभर उभा राहून ऐकलंस. त्या माणसानं कॅमेऱ्यासमोर चर्च म्हणावं, याला काय म्हणायचं?

पण माझंही सांगते. तू कॉयर म्हणालास आणि मी मान हलवली. व्हिडिओत दिसते की. छान लाजून हसलेय, नवी साडी, केसात गजरा. मला ते आवडलं होतं. तानाजी तेवढा हसला नाही. तो मांडीवरच्या हलगीची कड अंगठ्यानं पुसत बसला होता, तेही व्हिडिओत दिसतं.

पोरं जिना उतरली आणि आपलं भांडण सुरू झालं. मी म्हटलं, "बापूंचं नाव का घेतलं न्हाईस?" तू म्हणालास, "घेतलं असतं तर काय झालं असतं सांगू? हलगी म्हटली की फेटं बांधून गेटवर हुबं करत्यात. आत स्टेजवर दुसरीच वाजवत्यात." यात तू खोटं बोलत नव्हतास. पुण्यातल्या त्या लग्नात आपल्याला खरंच गेटवर उभं केलं होतं. बँड म्हणून बोलावलं, तानाजीच्या हातात हलगी बघितली आणि तिघांना फेटे बांधून दारात ठेवलं, पाहुणे येतील तसं वाजवायला. तीन तास. आत कुणी तरी इंग्रजी गाणी म्हणत होतं आणि आपल्याला पाणीसुद्धा कुणी विचारलं नव्हतं. तो दिवस तुझ्या जिव्हारी लागला, मला माहीत आहे. पण मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते, मग गेटवर उभा राहून सांगायचं होतंस. ज्यांनी आपल्याला दारात उभं केलं त्यांना आवडेल असं बोलून आत जायचं, यात कसला रे पुरुषार्थ? तू चिडलास. म्हणालास, "पुढच्या मुलाखतीला सांगतो." त्यानंतर तू अकरा मुलाखती दिल्यास, मी मोजल्यात. दरवेळी तेच परदेशी पाव्हणे.

आता बापू कोण ते सांगते. तुला सांगायची गरज नाही, पण हे दुसरेही वाचतील.

बापू म्हणजे आपल्या तानाजीचे वडील. मुरगूडला असतात. चाळीस वर्षं त्यांनी कुस्तीच्या मैदानात हलगी वाजवली. दोन पैलवान एकमेकांत अडकून पडले, कुणीच हलेना, की बापूंचा एक ठेका सुरू व्हायचा, आणि त्या ठेक्यात एक टोला पडायचाच नाही. सहा टोले, सातव्याला खाडा. दूधवाला एखाद्या दिवशी खाडा करतो तसा. तेवढ्या जागेत सगळं मैदान गप्प व्हायचं. तू नऊ वर्षांचा असताना वडिलांच्या खांद्यावर बसून ते ऐकलंस. पैलवान कोण होते, कुस्ती कुणी मारली, तुला काही आठवत नव्हतं, पण खाडा आठवत होता. वीस वर्षांनी तानाजी पहिल्यांदा तालमीला आला, हलगी शेकून घेतली आणि वाजवायला लागला, तर तू ताडकन उठलास. "ह्यो खाडा तुझ्याकडं कुठनं आला?" तानाजी म्हणाला, "आमच्या बापूंचा हाय."

मग आपण तीन रविवार मुरगूडला गेलो. तुझी ती मोडकी गाडी, मागं मी, आपल्यापुढं तानाजीची पायडल मारायची मोपेड. बापू आपल्याला बघून हसायला लागले. "आरं मर्दा, ती चूक हाय," म्हणाले. तरुणपणी म्हशीनं लाथ मारलेली, डावं मनगट मोडलेलं, गावातल्या कुणी तरी ते वाकडंच बसवलेलं. "सातव्याला डावा हात उचलत न्हाय. काडी पोचत न्हाय, म्हणून टोला पडत न्हाय. दुसरं काय न्हाय त्यात. आनि तुमी कालेज शिकल्याली मानसं त्येच शिकाय आलाय?" त्यांच्या हाताखाली जी पोरं तयार झाली तीही तो टोला गाळूनच शिकली होती, चांगली धडधाकट मनगटं असताना. तानाजीही त्यातलाच. बापूंनी कपाळावर हात मारून घेतला. तू म्हणालास, "बापू, चूक असूदे. आमाला तीच पायजे."

तिन्ही रविवार त्यांनी शिकवलं. हलगी मला देत नव्हते, म्हणून मी टाळ्या वाजवून वाजवून तळहात लाल करून घेतले. तानाजीच्या आईनं खर्डा-भाकरी वाढली. तू चार भाकरी खाल्ल्यास आणि बापूंच्या पायाला हात लावलास, तर ते मागं सरकले. "आसलं काय करू नगा मल्लाप्पा," म्हणाले. आपल्या गाण्यांना जो काही चेहरा आहे तो त्या अंगणात मिळाला. हे मी सांगत नाही, तूच परत येताना गाडीवर ओरडून सांगत होतास.

पुढं 'बरोबरीत' रेकॉर्ड करायची वेळ आली. तूच हट्ट धरलास, हलगी बापूंचीच पाहिजे. या हट्टासाठी मी तुझे शंभर गुन्हे माफ केले असते. तू स्वतः मुरगूडला जाऊन त्यांना मोटारीतनं आणलंस. कडक इस्त्रीचं पांढरं धोतर, नवी टोपी. स्टुडिओतल्या काचेकडं, मायक्रोफोनकडं त्यांनी डोळे भरून बघितलं. मग वाजवायला बसले आणि सात टोले वाजवले. सातच्या सात. खाडा नाही.

तू काचेच्या आतनं पळत गेलास. "बापू, खाडा?" त्यांनी डावा हात पुढं केला. काडी मनगटाला चिंधीनं घट्ट बांधली होती. महिनाभर घरी तसा सराव केला होता म्हणे. दुखत होतं, पण टोला पडत होता. "एवढी मशिनं लावल्यात," म्हणाले. "कायमचं ऱ्हाणार हे. मैदानात चुकलं तर मातीत जातं. हितं चूक कशी वाजवू?" तू पाच वेळा विनवलंस. पाची वेळा मान हलवून त्यांनी बरोबर वाजवलं. त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा चूक सुधारली होती आणि आपल्याला ती सुधारणा नको होती. शेवटी हलगी तानाजीनं वाजवली, खाडा ठेवून, आणि गाण्यात तीच आहे.

इथपर्यंत तुझी चूक नाही. गाण्याला जे पाहिजे ते तू घेतलंस. पण परत सोडायला जाताना गाडीत बापूंनी विचारलं, "माजं घेतलं न्हवं?" तू स्टिअरिंगवरनं नजर न काढता म्हणालास, "घेतलं की बापू." मी मागच्या सीटवर होते. तानाजी पुढं. आम्ही दोघांनीही खरं सांगितलं नाही. बापू खूश होऊन खिडकीतनं उसाचे फड बघत बसले.

तुझं पहिलं खोटं ते, मल्लू. मुलाखतीतलं त्याच्याच पोटातनं आलं. गाण्याखाली 'हलगी : तानाजी' एवढं छापलंस, आणि मी भांडले की म्हणायचास, "वाजवलं तान्यानं, नाव तान्याचं." वकिलाला शोभेल असं उत्तर. बापूंच्या हातचा एक टोला त्यात नव्हता, हे खरं. आणि ते सगळं त्यांचंच होतं, हेही खरं.

तुझी खरी आवडती गाणी मी सांगू का? एकही त्या यादीतलं नव्हतं. तुझ्या अव्वाचं, म्हणजे आईचं, कानडी गाणं, सोमवारी पहाटे ती पूजेचं साहित्य घासताना म्हणायची ते. त्यातले निम्मे शब्द तुला कळत नव्हते, म्हणून तू सुरावर घसरत जायचास. तुझा तो प्रसिद्ध घसरणारा सूर तिथला. यात्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये खेळ सुरू व्हायच्या आधी एक घासलेली तबकडी लावायचे, दरवेळी एकाच जागी अडकायची, ती तू अडकण्यासकट म्हणायचास. एका दंतमंजनाची जाहिरात. बेळगावकडच्या लग्नात ऐकलेली, सनईवाल्याला दम लागल्यामुळं अर्धीच राहिलेली एक चाल. आणि तुमच्या गल्लीची आरती, जी घंटेच्या अर्धा ठोका पुढं पळते आणि कुणालाच थांबवता येत नाही. चुकलेलं, अडकलेलं, अर्धं राहिलेलं काही कानावर पडलं की तुझा चेहरा उजळायचा. एवढा सुंदर कान दिला होता तुला देवानं. त्यात कुणाचं काय पडलं हे सांगायची लाज मात्र तुला का वाटली, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि तरी तू कसा होतास तेही लिहायलाच पाहिजे. माझ्या घशाचं ऑपरेशन झालं तेव्हा आठ महिने मला बोलायचीही बंदी होती. गणपतीचा हंगाम तोंडावर. सगळे म्हणाले दुसरी गायिका बघ. तू एकेकाला सांगितलंस, "दोन रस्ते उरले तर त्याला तिकटी म्हणत न्हाईत," आणि आठ महिने एकही कार्यक्रम घेतला नाहीस. रोज संध्याकाळी येऊन माझ्यासमोर बेंजो वाजवत बसायचास, माझा कप खाली ठेवायचास, गप्प निघून जायचास. माझ्या नवऱ्यानंही एवढं केलं नाही, आणि तो चांगला माणूस आहे. म्हणूनच तुझ्यावरचा राग एवढा जड आहे. हलक्या माणसावर मी एवढी चिडत नाही.

परवा अण्णांकडं गेले. काल तुझी शोकसभा होती, पुण्याची तीच पोरं सगळं चित्रित करून कायमचं ठेवणार होती, 'मल्लूसरांवरचे प्रभाव' असं नाव देऊन. मी दोन शब्द बोलायचे आणि तुझं म्हणे आवडतं असलेलं परदेशी गाणं म्हणायचं असं ठरलं होतं. मी अण्णांना सांगितलं, मी खरं बोलणार. अण्णा गुळाची ढेप फोडत होते, थांबले. "सुलू, मेलेल्या माणसाला उघडं पाडू नये गं," म्हणाले. "मी त्याला जन्मभर बेंजोवाला म्हणून हिणवलं. आत्ता कुठं चार लोकं त्याला मोठं म्हणाल्यात. तेवढं राहू दे की." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांचं वाईट वाटलं. पण बापू ऐंशीच्या घरात आहेत, आणि काल जे कॅमेऱ्यात गेलं असतं ते तसंच राहिलं असतं. मी म्हटलं, "अण्णा, तुमच्या लाजेची किंमत दुसऱ्याच्या बापानं का मोजायची?" आणि उठून आले.

काल सकाळी दहाला कार्यालय भरलेलं. तानाजी बापूंना एसटीनं घेऊन आला होता. ते शेवटच्या रांगेत, चपला काढतात तिथं, खुर्चीच्या टोकावर बसले. मी तानाजीला म्हटलं पुढं आण, तर म्हणाला, "तिथंच बसतो म्हणालेत." पुण्याच्या पोरानं तुझी ती यादी वाचली. पाच परदेशी नावं, प्रत्येकाला टाळ्या. मग मला बोलावलं.

मी माइक हातात घेतला आणि म्हटलं, "ही यादी खोटी हाय. मल्लू खोटं बोलला, आनि मी शेजारी बसून मान हलवली." अण्णा उभे राहिले. "सुलू, खाली बस." पहिल्या रांगेतनं तुझी बायको गिरिजा म्हणाली, "बोलू दे तिला." अंगावर पांढरी साडी, आवाज एकदम साधा. अण्णा बसले. मग मी सगळं सांगितलं. मागाची शेड, अव्वाचं गाणं, मुरगूडचे तीन रविवार, म्हशीची लाथ, मनगटाला बांधलेली काडी, गाडीतलं ते 'घेतलं की बापू'. मागनं कुणी तरी म्हणालं, "मग इतकी वर्षं का गप्प बसला?" मी म्हटलं, "भ्याले. नाव व्हायला लागलं हुतं, ते जाईल म्हणून भ्याले."

त्या पुण्याच्या पोराचं मात्र कौतुक करते. त्यानं कागद काढला, पेन काढलं. "मॅडम, मी हे नीट घालतो," म्हणाला. "त्यांचं पूर्ण नाव काय?"

मी तोंड उघडलं, आणि मल्लू, मला येईना. आडनाव लोखंडे, ते तानाजीमुळं माहीत. पुढचं काय? बावीस वर्षं त्यांच्या घरची भाकरी खाल्ली, तुझ्याशी त्यांच्या नावावरनं भांडले, सगळ्या सभेसमोर तुला खोटं ठरवलं, आणि मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. आपल्यासाठी ते 'तान्याचे बापू' होते. माइक हातात तसाच, आणि तीनशे माणसं माझ्याकडं बघतायत. तुझ्यावर उगारलेला हात तसाच्या तसा माझ्या थोबाडीत बसला.

बापू उठले. तानाजीनं हात दिला, तो बाजूला केला आणि मधल्या वाटेनं चालत आले. कुणी तरी हौशीनं कोपऱ्यातली तानाजीची हलगी पुढं केली. "बापू, मल्लूसाठी एकदा वाजवा की." बापूंनी हलगीला हात लावला नाही.

"मी मेलेल्या मानसासाठी वाजवत न्हाय," म्हणाले. "माज्या बापाला वाजवाय लावायची गावात. कुनाचं बी मडं उठलं की चल हलगी घिऊन म्होरं. ताप असूदे न्हायतर पोट रिकामं असूदे. त्यो गेला त्या दिवशी मी त्ये सोडलं. कुस्तीत वाजवली, लग्नात वाजवली, मड्याम्होरं न्हाय. मल्लाप्पाला ठावं हुतं. त्येनं कदी मला तसलं सांगितलं न्हाय." मग माझ्या हातातनं माइक घेतला, उलटा धरला, तानाजीनं तो सुलटा केला. "आनि ती चूक माजी हाय. म्हशीची हाय. आमेरिकेची न्हवं." लोक हसले. अण्णाही हसले आणि लगेच डोळे पुसले.

बापू पुण्याच्या पोराकडं वळले. "लिव," म्हणाले. "दत्तू राणू लोखंडे. मुरगूड."

पोरानं लिहिलं आणि खात्री करायला वाचून दाखवलं, "दत्तू लोखंडे, मुरगूड."

बापूंनी वाकडं मनगट पुढं करून त्या कागदावर बोट ठेवलं. "राणू बी लिव," म्हणाले. "त्यो माजा बाप."